ओली जमीन व जड यंत्रे : जंगलतोडीवरून शेतकऱ्याने घ्यावयाचा धडा

जमिनीवरून जड यंत्र गेले असता जमीन दबते, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. परंतु तेच यंत्र तितकेच ओझे घेऊन एकाच जमिनीवरून दोन निरनिराळ्या दिवशी गेले, तर एके दिवशी तीस नाममात्र इजा होते व दुसऱ्या दिवशी ती कित्येक वर्षांकरिता नासते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. हा फरक ओझ्याचा नसून ओलीचा आहे. याच विषयाचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

या विषयाचा कसून अभ्यास शेतीइतकाच जंगलात झाला आहे, आणि त्यास कारण आहे. शेतात दबलेली जमीन नांगराने निदान वरवर तरी पुन्हा उकलता येते. जंगलात तोडीनंतर नांगर येत नाही. शिवाय उत्तरेकडील देशांत झाडांचे एक पीक तयार होण्यास साठ ते शंभर वर्षे लागतात. एके दिवशी केलेली चूक तेथे पुढील पिढीच्या पदरी पडते. म्हणून तेथील लोकांस जमिनीची काळजी आधीच वाहावी लागते.

१. जंगलातील यंत्रे व त्यांचे ओझे

स्वीडन व फिनलंड या देशांत झाडे तोडण्याकरिता दोन यंत्रे जोडीने चालतात. पहिले हार्वेस्टर. हे आपल्या लांब हाताने झाड धरते, बुंध्याशी कापते, फांद्या सोलते व लाकडाचे ठराविक मापाचे तुकडे करून ठेवते. दुसरे फॉरवर्डर. हे ते तुकडे आपल्या पाठीवर रचून रस्त्यापर्यंत वाहून नेते. हार्वेस्टरचे वजन सुमारे २० टन भरते. फॉरवर्डर रिकामा १५ ते २० टन असतो व त्यावर १० ते २० टन लाकूड चढते. भरलेला फॉरवर्डर ३२ टनांचा धरला व त्यास आठ चाके मानली, तर एकेका चाकाखाली चार टन ओझे येते. आमच्या खिलार जातीच्या आठ-नऊ बैलांचे हे वजन होय. आणि ते सारे एका चाकाच्या टेकण्याएवढ्या जागेवर उभे आहे असे समजावे.

अमेरिका व कॅनडा येथील पुष्कळ जंगलांत लाकूड पाठीवर न वाहता स्किडर नावाच्या यंत्राने भुईवरून ओढीत नेतात. त्या रीतीत दाबाच्या जोडीस घसटही येते. ओल्या जमिनीत ही घसट दाबाइतकीच वाईट.

२. जमीन दबते म्हणजे काय होते

माती म्हणजे केवळ कण नव्हेत. चांगल्या जमिनीचा निम्मा भाग पोकळ्यांचा असतो. मोठ्या पोकळ्यांतून पाण्याचा निचरा होतो व हवा खेळते. बारीक पोकळ्यांत ओल टिकून राहते. एक घनफूट माती वाळवून ३४ किलो भरली, तर तिच्या शंभर भागांपैकी सुमारे ५५ भाग पोकळ्या आहेत असे हिशेबाने निघते. तीच माती दबून घनफुटास ४२ किलो भरू लागली, तर पोकळ्या सुमारे ४४ भाग उरतात. म्हणजे ११ भाग गेले. यात वाईट गोष्ट ही की, जे भाग गेले ते बहुतेक मोठ्या पोकळ्यांचे असतात. बारीक पोकळ्या तशाच राहतात. मुळांस हवा देणारी व जादा पाणी खाली नेणारी वाट तेवढी बुजते.

जमिनीत हवेच्या पोकळ्या शंभरात दहाहून कमी झाल्या म्हणजे बहुतेक पिकांची मुळे गुदमरू लागतात. तसेच माती इतकी कठीण झाली की तीत टोकदार सळई रोवण्यास दर चौरस सेंटिमीटरला २० किलोहून अधिक जोर लागतो, तर मुळांची वाढ फार मंदावते.

३. ओलीच्या चार अवस्था

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. एकाच मातीच्या ओलीप्रमाणे चार अवस्था कल्पाव्या.

पहिली, कोरडी अवस्था. कण एकमेकांस घट्ट धरून असतात. ढेकूळ हातोडीनेच फुटते. जड चाक गेले तरी कण जागचे फारसे हलत नाहीत.

दुसरी, दमट अवस्था. कणांभोवती पाण्याचा पातळ लेप बसतो. कणांची एकमेकांवरील पकड ढिली होऊन ते घसरू लागतात. परंतु पोकळ्यांत हवा अद्याप पुष्कळ असते आणि ती सहज बाहेर निघते. दाब पडताच कण सरकून त्या रिकाम्या जागेत जाऊन बसतात. माती सर्वांत अधिक दबते ती याच अवस्थेत.

तिसरी, ओली अवस्था. पोकळ्या पाण्याने बहुतेक भरलेल्या असतात. पाणी दाबाने आकसत नाही आणि एका क्षणात निघूनही जात नाही. म्हणून माती आकाराने दबण्याऐवजी चाकाखालून बाजूस सरकते. खोल चाकोऱ्या पडतात, कणांची बांधणी मोडते व चाकोरीचा तळ गिलावा केल्याप्रमाणे गुळगुळीत होतो. त्यातून पाणी मुरत नाही.

चौथी, चिखलाची अवस्था. येथे यंत्र रुतते, आणि मालक व हाकणारा दोघेही आपोआप शहाणे होतात.

चौथ्या अवस्थेत कोणी यंत्र घालीत नाही व पहिल्या अवस्थेत भय थोडे. खरा धोका दुसऱ्या व तिसऱ्या अवस्थेत आहे. त्यातही दुसरी अधिक फसवी. कारण चाकोरी खोल दिसत नाही, यंत्र सुरळीत चालते, आणि नुकसान डोळ्यांस न दिसता होते.

हे तत्त्व आमच्या लोकांस नवे नाही. खळे करताना जमिनीवर पाणी शिंपतात, थोडी वाट पाहतात व मग ती चोपतात. अगदी कोरडी भुई चोपून बसत नाही. फार ओली केली तर चोपण्यास माती चिकटते. मधली नेमकी ओल साधली म्हणजेच खळे दगडासारखे होते. लॉस एंजेलिस येथील पाणीपुरवठा खात्याचे इंजिनियर प्रॉक्टर यांनी १९३३ साली हीच गोष्ट मोजून मांडली. साडेपाच पौंडांचा ठोकळा एक फूट उंचीवरून ठराविक वेळा पाडून त्यांनी निरनिराळ्या ओलीची माती ठोकून पाहिली. ओल वाढत जाते तशी माती एका मर्यादेपर्यंत अधिकाधिक घट्ट बसते व त्यापुढे पुन्हा कमी बसू लागते, असे त्यांस आढळले. मातीची धरणे बांधताना भरावावर पाणी शिंपून रूळ फिरवितात, तो याच नियमाने. धरण बांधणारा जी ओल मुद्दाम शोधतो, तीच ओल शेतकऱ्याने व जंगलवाल्याने टाळावयाची.

कोकणातील शेतकरी भाताकरिता चिखलणी करतो. त्यात तो तिसऱ्या-चौथ्या अवस्थेतील माती हेतुपुरस्सर मोडतो व पाणी न मुरणारा तळ तयार करतो. भातास ते हवे असते. उसास, कापसास, तुरीस किंवा झाडास तेच मारक होते.

४. वाफशाविषयी एक मोठा गैरसमज

आमचे शेतकरी वाफसा आल्यावाचून औत घालीत नाहीत. ही रीत उत्तम आहे. परंतु वाफसा ही हलक्या औताची कसोटी आहे. पंधरा-वीस टनांच्या यंत्राची नव्हे. ज्या ओलीस ढेकूळ हाताने चुरते, त्याच ओलीच्या आसपास माती दाबासही सर्वांत अधिक वश असते. बैलाच्या खुराखालील दाबही लहान नसतो. पण ओझे थोडे असल्यामुळे तो काही इंचांच्या खाली पोहोचत नाही, आणि जे दबते ते पुढील नांगरटीत उकलते. जड यंत्राचे तसे नाही. सबब, ‘वाफसा आला, आता यंत्र घालण्यास हरकत नाही’ असे म्हणणे चुकीचे आहे. जड यंत्राकरिता जमीन वाफशाच्याही पलीकडे सुकलेली असली पाहिजे.

५. दाब खोल कसा जातो

चाकाखाली अगदी वरच्या थरास किती दाब बसतो, हे मुख्यत्वे चाकातील हवेच्या दाबावर अवलंबून असते. परंतु तो दाब किती खोल उतरतो, हे एकंदर ओझ्यावर ठरते. रुंद चाक लावून वरचा थर वाचविता येतो. आसावर दहा टन ओझे असेल तर खालचा थर केवळ रुंद चाकाने वाचत नाही. वाल्टर झ्योने या जर्मन शास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या दशकात दाखवून दिले की, कठीण कोरडी जमीन ओझे आडवे पसरू देते. मऊ ओली जमीन ते फारसे पसरू न देता सरळ खाली उतरविते. म्हणजे ओलीने दुहेरी हानी होते. माती दुबळी होते, आणि दाबही अधिक खोल जातो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एकंदर दबण्यापैकी बहुतेक भाग पहिल्या दोन-चार फेऱ्यांतच होऊन जातो. ‘एकदाच जातो, काय बिघडते’ असे म्हणून दर वेळी नवी वाट पाडणारा मनुष्य सबंध शेत दाबून टाकतो.

६. नुकसान किती टिकते

अमेरिका व कॅनडात १९८९-९० च्या सुमारास एक दीर्घ मुदतीचा प्रयोग सुरू झाला. त्यात अनेक जंगलांतील जमिनी मुद्दाम निरनिराळ्या प्रमाणात दाबून तेथे झाडे लाविली व वर्षानुवर्षे मोजली. दहा वर्षांनी असे दिसले की, चिकण जमिनीत दाबामुळे झाडांची वाढ खुंटली. वाळूसर जमिनीत ती उलट थोडी सुधारली, कारण मोठ्या पोकळ्या कमी झाल्याने तेथे ओल अधिक टिकू लागली. यावरून एकच नियम सर्व जमिनींस लावणे बरोबर नाही, हे उघड आहे. भय मुख्यतः भारी जमिनीस आहे, आणि पाणी धरून ठेवण्याचा गुणही तिचाच. जी जमीन अधिक बिघडते तीच अधिक काळ ओली राहते.

उत्तर युरोप व उत्तर अमेरिकेतील नांगराच्या जमिनींवर दहा टन आसभाराचे प्रयोग झाले. त्यांत वरच्या थराचे नुकसान काही वर्षांत नांगरटीने व थंडीने भरून आले. परंतु नांगराच्या तळाखालील, सव्वा फुटाहून खोल थराचे नुकसान दर हिवाळ्यात जमीन गोठत-वितळत असताही दहा-दहा वर्षांनी कायम होते.

आमच्या काळ्या जमिनीस एक ईश्वरी देणगी आहे. ती उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते व अशा रीतीने आपणच आपली मशागत करते. परंतु यास जमीन खोलवर सुकू दिली पाहिजे. ज्या शेतास बारमाही पाणी मिळते व जे कधी फाटतच नाही, त्यास ही दुरुस्ती मिळत नाही. ऑस्ट्रेलियातील कापसाच्या काळ्या जमिनींत हाच अनुभव आला. म्हणून तेथे कापसाच्या मागून गहू घेऊन जमीन खोल सुकवितात व भेगा पडू देतात.

महसूल खात्याच्या दप्तरात आमची हयात गेली. त्या अनुषंगाने एक दाखला देतो. मुंबई इलाख्यातील जमीन आकारणीची पद्धत १८४७ च्या जॉइंट रिपोर्टाने पक्की झाली. तीत जमिनीची प्रत तिच्या खोलीवरून नऊ वर्गांत, सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत ठरवीत, व जमिनीत दोष असेल तर दर दोषास एक वर्ग उतरवीत. त्या दोषांत ‘पाणी न मुरणारी माती’ हाही एक दोष होता. तो निसर्गाने दिलेला असला तर इलाज नसतो. पण सोळा आणे जमिनीत ओल्या दिवशी यंत्र घालून तोच दोष आपल्या हाताने निर्माण करणे, म्हणजे आपल्याच जमिनीची प्रत आपणच उतरविणे होय. अशा उतरलेल्या प्रतीची नोंद कोणत्याही कागदात होत नाही, व त्याबद्दल सूटही मिळत नाही.

७. जंगलवाले काय उपाय करतात

प्रथम उपाय काळाचा. उत्तरेकडे हिवाळ्यात जमीन गोठते. गोठलेल्या जमिनीतील पाणी म्हणजे दगडच. म्हणून दलदलीच्या जागांतील तोड त्या महिन्यांकरिता राखून ठेवतात. अलीकडील दशकांत हिवाळे सौम्य होत असल्याने हा काळ आखूड झाला आहे, आणि म्हणूनच तेथे या विषयाची चिंता वाढली आहे.

दुसरा उपाय वाटांचा. हार्वेस्टरचा हात सुमारे दहा मीटर पोहोचतो. म्हणून वीस-वीस मीटरांवर चार मीटर रुंदीच्या वाटा आखतात व यंत्र त्यांवरूनच चालवितात. शंभर भागांपैकी वीस भाग तुडविले जातात. ऐंशी भागांस चाक लागत नाही.

तिसरा उपाय अंथरणाचा. सोललेल्या फांद्या व शेंडे हार्वेस्टर आपल्यापुढे वाटेवर टाकीत जातो. दर चौरस मीटरास दहा ते वीस किलो फांद्यांचा थर असला म्हणजे ओझे पसरते व चाकोरी उथळ पडते.

चौथा उपाय नकाशाचा. विमानातून प्रकाशकिरण सोडून जमिनीचे चढउतार बारकाईने मोजतात व त्यावरून ओल कोठे साचेल याचे नकाशे करतात. कॅनडातील न्यू ब्रन्स्विक प्रांतात व स्वीडनमध्ये असे नकाशे वापरात आहेत. तोडीपूर्वीच वाट कोठून न्यावी व कोठून नेऊ नये हे त्यावर पाहतात.

८. आमच्याकडे याचा उपयोग

आमच्याकडे सर्वांत जड वाहतूक उसाच्या तोडणीत होते. मोठे ऊसतोडणी यंत्र पंधरा टनांच्या आसपास असते, आणि मागून भरलेल्या ट्रॉल्या फिरतात. ट्रॉलीच्या चाकांतील हवा ट्रॅक्टरच्या मागील चाकांपेक्षा पुष्कळ अधिक दाबाची असते, हे विसरू नये. यातून गेलेला ऊस एकदाचा जातो; पण खोडवा त्याच दबलेल्या जमिनीत उभा राहावयाचा असतो. बांधावर किंवा पडीत निलगिरी, सागवान वगैरे लावून ते विकणाऱ्या शेतकऱ्यांसही हेच लागू आहे. करावयाचे उपाय असे :

(१) परीक्षा. वरची माती पाहून निर्णय करू नये. वर सुकलेली जमीन खाली ओली असते. शेतात चार-पाच ठिकाणी, त्यांपैकी एक अगदी सखल जागी, कुदळीने दीड फूट खणावे. एक फुटाची व दीड फुटाची माती तळहातावर घेऊन वळी करावी. सुतळीएवढी बारीक वळी न तुटता झाली, तर यंत्र घालू नये. वळी होत नाही पण मुठीत दाबून गोळा टिकतो, तर ती औताची ओल आहे. जड यंत्रास अद्याप थांबवावे. गोळाही होत नाही आणि ढेकूळ चुरण्याऐवजी कडकन मोडते, तेव्हा जमीन ओझे सोसण्यास योग्य झाली असे समजावे.

(२) पाणी. तोडणीच्या तारखेवरून मागे हिशेब करून शेवटचे पाणी ठरवावे. भारी जमिनीचे पाणी हलकीपेक्षा आधी तोडावे.

(३) वाटा. यंत्राची व ट्रॉलीची चाके सरीतूनच चालावी, बुडख्यांच्या ओळीवर चढू नयेत. ट्रॉल्या शक्य तो शेतात न आणता बांधाकडेच्या ठरलेल्या पट्ट्यावर उभ्या कराव्या. यंत्र वळविण्याची जागा एकच ठेवावी. दरसाल तोच पट्टा वापरावा. तेवढा गेला तर जाऊ द्यावा, बाकीचे शेत राहते.

(४) ओझे. ओल थोडी अधिक आहे व थांबणे अशक्य आहे, अशा वेळी ट्रॉली अर्धी भरावी. फेऱ्या त्याच वाटेने असल्यामुळे त्या वाढल्याने होणारे नुकसान खोल दाबाच्या मानाने थोडे असते.

(५) दुरुस्ती. खालचा थर दबला असल्यास खोल फाळाने तो फोडता येतो, परंतु जमीन कोरडी असतानाच. ओल्या जमिनीत खोल फाळ घातल्यास तो थर फुटत नाही. फाळ केवळ एक गुळगुळीत चीर पाडून जातो व भाडे व्यर्थ जाते.

९. निर्णय कोणाच्या हाती

येथवर जे सांगितले ते समजण्यास कठीण नाही. आचरण्यास कठीण आहे. यंत्र आपले नसते. पाळी ठरलेली असते. अवकाळी पाऊस पडून दोन दिवस झालेले असतात, यंत्रवाला दारात उभा असतो आणि आज नाही म्हटले तर तो पुन्हा केव्हा येईल याचा भरवसा नसतो. वाळत्या उसाचे वजन घटते, ही हानी खरी आहे व ती तत्काळ दिसते. दबलेल्या जमिनीची हानी हप्त्याहप्त्याने वसूल होते, म्हणून ती दिसत नाही. आठ दिवसांचा उशीर एका पिकास भोवतो. सव्वा फुटाखालचा दबलेला थर खोडव्यास, त्यामागून येणाऱ्या पिकास व कदाचित मुलाच्या वाट्यासही भोवतो. दोहोंची तुलना मालकानेच करावयाची आहे. यंत्रवाल्यास ती करण्याचे कारण नाही, कारण तो वजनावर पैसे घेतो व पुढील शेतास जातो.

म्हणून आमची सूचना अशी की, ओलीची अट तोडणीच्या दिवशी बोलू नये. ती ठरावातच लिहून घ्यावी. दीड फुटाच्या मातीची परीक्षा उभयतांसमक्ष व्हावी, पाऊस पडल्यास काम थांबावे व पाळी बुडू नये, आणि ठरलेल्या वाटेबाहेर चाक जाऊ नये, एवढी तीन कलमे पुरेशी आहेत. एकट्यादुकट्या शेतकऱ्याचे हे कोणी ऐकणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु एका शिवारातील पंधरावीस खातेदारांनी मिळून एकच ठराव केला, तर यंत्रवाल्यासही त्यांच्या शेतांचा क्रम सुकण्याच्या क्रमाने लाविता येईल. उंचवट्याची हलकी जमीन आधी व सखल काळी मागाहून, असे झाल्यास त्याचेही दिवस वाया जाणार नाहीत. सभासदांनी हा विषय आपापल्या गावी हंगामापूर्वी चर्चेस घ्यावा. यंत्र शेताच्या कडेशी येऊन उभे राहिल्यावर चर्चेस वेळ उरत नाही.